दाजींची तपासणी

"विजार सोड," दाजी म्हणाले आणि त्यांनी कँडलिंगच्या खोलीला आतून कडी घातली.

मी सोडली. उगाच भलतंसलतं मनात आणू नका. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे नवरे, निवृत्ती ढोबळे. आम्ही दोघं विट्याजवळच्या एका हॅचरीत कामाला होतो. हॅचरी म्हणजे कोंबडीला सुट्टी देऊन मशीनवर अंडी उबवायचा कारखाना. आणि कँडलिंगची खोली म्हणजे तिथली अंधारी खोली, जिथं उबायला घातलेली अंडी मध्येच बाहेर काढून दिव्यावर धरून बघतात. आत पिल्लू धरलं असलं की अंडं काळपट दिसतं, शिरा दिसतात. काहीच धरलं नसलं की उजेड आरपार जातो आणि अख्खं अंडं लालसर पेटून उठतं. त्याला आम्ही क्लिअर म्हणायचो. क्लिअर अंडं दिसलं की उचलायचं आणि टोपलीत टाकायचं, कारण त्यातनं जन्मात काही निघायचं नाही. या कामात दाजींचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

आता माझी विजार का सोडायची, तेही सांगतो. अंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि उजव्या गोटीच्या वर एक गाठ लागली. बोराएवढी, मऊ. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. माझं लग्न ठरलेलं. सुपारी फुटलेली, पत्रिका छापून घरात येऊन पडलेल्या, आईनं हळदीचा मुहूर्त बघून भिंतींना चुना मारून घेतलेला. पोरगी लेंगऱ्याची, वैजयंता नाव, मला बघता क्षणीच आवडलेली. आणि ऐन वेळेला हे बोर.

काही दिवस मी कुणाला बोललो नाही. पण हात सारखा तिकडं जायचा, आहे का गेली बघायला. एकदा तर मालकच म्हणाले, आनंदा, खरूज झालीय का रे, मलम लाव. मग मात्र मी ठरवलं, कुणाला तरी सांगायचं. आईबापाला हे सांगता येत नाही, दोस्ताला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचतं. राहिले दाजी. दाजी पोटात ठेवणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली, आणि दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मला कँडलिंगच्या खोलीत घेऊन आले.

हातात धरायचा दिवा असतो आमचा, तोंडाला रबराची कड असलेला. दाजींनी तो लावला, दोन बोटांनी गाठ अलगद वर उचलली, खालची गोटी बाजूला सारली आणि दिव्याचं तोंड मागनं टेकवलं. इतकं सराईतपणे की मला तसल्या अवस्थेतही त्यांचं कौतुक वाटलं. माणूस कशाकशात हुशार असतो, असं मनात आलं.

गाठ पेटली. अंधारात ते बोर लालबुंद होऊन चमकायला लागलं, आरपार, डाग नाही की शीर नाही. मी असली हजारो बघितली होती. कधी स्वतःचं बघायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

"क्लिअर हाय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

मी म्हणालो, म्हंजे? ते म्हणाले, म्हंजे काय, तू काय काल आलायस हितं कामाला? रिकामं हाय आनंदा. त्यातनं काय व्हायचं न्हाई.

त्यांनी दिवा बंद केला, माझ्याकडं पाठ केली आणि ट्रेवर हात टेकून उभे राहिले. खांदे हलत होते. मग मलाही आवरलं नाही. विजार पायात, समोर अंड्यांच्या चळती, आणि दोन बाप्ये तोंडात उपरणं कोंबून रडतायत. त्या वेळी कडी नसती आणि कुणी आत आलं असतं तर आमची नोकरीच नाही, गावच गेलं असतं.

थोड्या वेळानं दाजींनी डोळे पुसले आणि माझं मनगट घट्ट धरलं. दुखेल इतकं घट्ट.

"लगीन मोड," ते म्हणाले. "माझं ऐक. त्या पोरीच्या जल्माचं वाटुळं करू नगंस."

हे मला पटलं, आणि का पटलं तेही सांगायला पाहिजे. माझ्या आक्काला मूल नव्हतं. लग्नाला आठ-नऊ वर्षं होऊन गेलेली, पाळणा काही हललेला नाही. तुम्हाला काय सांगू, त्या बाईनं काय काय सोसलं. बारशाला तिला बोलावणं यायचं नाही, आलं तरी पाळण्याजवळ उभं राहू द्यायचे नाहीत. संक्रांतीला बायका तिची ओटी भरताना हात आखडायच्या. सासू मरेपर्यंत तिला वांझोटी म्हणूनच हाक मारत होती, नावानं मारलेली मी तरी ऐकली नाही. आक्का उपास करायची, अनवाणी देवाला जायची, कुणी सांगेल त्या झाडाला दोरा बांधायची. एकदा कुणी सांगितलं म्हणून भर उन्हात डोंगरावरच्या देवीला लोटांगण घालत गेली, तर गुडघे सोलून आली. देवीला तिच्या गुडघ्यांचं काय पडलेलं नव्हतं, असं मी तेव्हा आईसमोर म्हणालो आणि मार खाल्ला.

दाजींना मात्र सगळे मानायचे. आक्काला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत, दुसरी बायको करा म्हणून भावकी मागं लागली तरी केली नाही. बिचारा घरात मन रमत नाही म्हणून कामात जीव घालतोय, असं लोक म्हणायचे. मशीनजवळ रात्री कुणीतरी लागतं, तर दाजींनी कित्येक वर्षं रात्रपाळी कायमची मागून घेतली होती. रात्रभर मशीन बघायचं, सकाळी कँडलिंग करायचं आणि दुपारी घरी जाऊन जे झोपायचं ते संध्याकाळी उठून पुन्हा कामावर.

तर आक्काचं बघितलेलं होतं. माझ्या गाठीपायी उद्या वैजयंताला कुणी वांझोटी म्हणणार, तिचे गुडघे सोलणार, आणि मी गप बसून भाकरी खाणार, हे माझ्यानं झालं नसतं. लग्न मोडायचं ठरलं. पण न सांगता मोडलं तर पोरीतच काहीतरी खोट आहे असं लोक म्हणतात. म्हणून खरं कारण तिला सांगायचं, मग तिनं मला जोड्यानं मारलं तरी चालेल, असं मी मनाशी पक्कं केलं.

वैजयंता विट्यात शिवणक्लासला यायची. मी क्लासच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती मैत्रिणींसोबत बाहेर आली, मला बघून लाजली, मैत्रिणी खिदळत पांगल्या. मी तिला एसटी स्टँडसमोरच्या रसाच्या गुऱ्हाळात घेऊन गेलो. तिला वाटलं, होणारा नवरा भलताच रसिक निघाला. मी दोन ग्लास सांगितले आणि म्हणालो, आपलं लग्न होऊ शकत नाही.

तिनं ग्लास खाली ठेवला. म्हणाली, दुसरी कोण हाय? मी म्हणालो, कुणी न्हाई. मग काय झालं, पत्रिकेत दोष निघाला? मी म्हणालो, पत्रिकेत न्हाई. आणि मग मी चरकाकडं तोंड करून, तिच्याकडं अजिबात न बघता, सगळं सांगून टाकलं. गाठ कुठं आहे, केवढी आहे, आणि तपासणीत ती रिकामी निघाली. ऊस पिळायचा आवाज होता म्हणून बरं, नाहीतर गुऱ्हाळवाल्याचंही ज्ञान वाढलं असतं.

मी म्हटलं, आता ही रडणार.

"कुणी तपासलं?" तिनं विचारलं.

"दाजींनी."

"दाजी डॉक्टर हायत?"

"न्हाईत. हॅचरीत असत्यात."

"कशानं तपासलं?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. कँडलिंगच्या दिव्यानं, असं मी हळूच म्हणालो. तिनं ग्लास उचलून घोट घेत आधी ऐकलं, मग समजून घेतलं, आणि मग तोंडातला रस नाकातनं बाहेर आला तिच्या. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. मला राग आला. इकडं माझा वंश बुडतोय आणि ही बाई खिंकाळतेय. पण मग एकदम तिचं हसू थांबलं आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझा राग जिथल्या तिथं जिरला.

"उद्या दाजींला ताप आला तर कोंबड्यांची लस टोचून घेनार हायत का?" ती म्हणाली. "उठा. डॉक्टरकडं चला. त्यांनी सांगू दे, मग लगीन मोडायचं का न्हाई ते आपन दोघं मिळून ठरवू."

आपण दोघं मिळून, हे ऐकून मला बरं वाटलं ते आजतागायत वाटतंय.

बाजारपेठेच्या मागं एका सर्जनची पाटी होती, डॉ. एस. बी. मगदूम. पाटीवरनं मला वाटलं, जाडजूड मिशीवाला कुणी असेल. आत गेलो तर खुर्चीत बाई. मी आल्या पावली मागं फिरलो. बाहेर बाकड्यावर वैजयंता शिवणाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं नुसतं दाराकडं बोट दाखवलं. मी परत आत गेलो. इकडं आड आणि तिकडं विहीर म्हणतात ते काय असतं ते मला त्या दाराच्या उंबऱ्यावर कळलं.

मगदूम बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर, आणि माझ्यासारखे रोज दहा बघत असाव्यात. त्यांनी मला टेबलावर निजवलं, कधीपासून आहे, दुखतं का, मार लागला होता का असं विचारत विचारत हातानं चाचपलं. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होतो. मग त्या उठल्या, खिडकीचा पडदा ओढला, दिवा घालवला आणि खिशातनं पेनासारखी बारीक बॅटरी काढली.

मी ताडकन उठून बसलो. म्हणालो, मॅडम, हे नको, हे झालंय माझं.

त्यांनी विचारलं, कुणाकडं झालंय? मी सगळं सांगितलं. हॅचरी, अंधारी खोली, दाजी, क्लिअर. अंधारात बाईंचं तोंड दिसत नव्हतं, पण टेबल हलत होतं म्हणजे त्या हसत होत्या.

मग त्यांनी बॅटरी लावली. गाठ परत तशीच लाल पेटली.

"दिसतंय उजेड?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय. क्लिअर हाय."

"मग छान आहे की. काळी दिसली असती तर मला घाम फुटला असता."

मला वाटलं, बाईंना कळलंच नाही. मी त्यांना समजावून सांगायला लागलो की क्लिअर म्हणजे आत जीव नाही, असली आम्ही टोपलीत टाकतो. बाईंनी दिवा लावला, खुर्ची जवळ ओढली आणि एखाद्या पोराला गणित सांगावं तसं सांगितलं. गोटीच्या पाठीमागं एक बारीक नळीचं वेटोळं असतं, त्यातनं बीज पुढं जातं. त्या वेटोळ्याला कुठंतरी पाण्याचा फुगा धरतो. तुमची गाठ म्हणजे तो फुगा. त्यात पाणी आहे म्हणून उजेड आरपार जातो. खुद्द गोटीत भरीव गाठ झाली असती तर उजेड अडला असता, आणि तिथं कॅन्सरची भीती असते. तुमची गोटी वेगळी, धडधाकट हाताला लागतेय. मूल होण्याशी या फुग्याचा काडीचा संबंध नाही. कित्येकांना असतात, दोन्हीकडं असतात, लिंबाएवढे होतात, त्यांना पत्ताही नसतो.

"तुमच्या दाजींनी अंड्याच्या जागी पाण्याचा फुगा तपासला," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे त्यांचा. निकाल तेवढा उलटा वाचला."

खात्रीसाठी त्यांनी सोनोग्राफी करायला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, साधी पाण्याची गाठ. मी म्हणालो, कापून टाका एकदाची. मगदूम बाई म्हणाल्या, अजिबात नाही. कापताना ती नळी दुखावली तर मात्र तुमच्या दाजींचं खरं होईल. वाढली, दुखायला लागली तर या, नाहीतर तिला तिथं राहू दे, तुमचं काही खात नाही ती.

बाहेर आलो. वैजयंता उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, बरं झालं, ब्लाउज अर्धा शिवून झालाय लग्नाचा. आणि क्लासला उशीर झाला म्हणून निघून गेली. माझा जीव असा भांड्यात पडला की मी भर बाजारपेठेत एकटाच हसत उभा राहिलो.

पेढे घेतले आणि थेट आक्काच्या घरी गेलो. दाजींचा सुट्टीचा वार होता. आक्का चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. पेढे कशाचे रं, तिनं विचारलं. सांगतो मागनं, असं म्हणून मी दाजींना परड्यात शेळीच्या गोठ्यापाशी घेऊन गेलो. म्हटलं, दाजी, नापास झाला तुम्ही. आणि मगदूम बाईंनी सांगितलं ते सगळं घडाघडा सांगितलं.

मला वाटलं, दाजी मला मिठी मारतील. ते मटकन दावणीच्या दगडावर बसले.

"उजेड गेला म्हंजे चांगलं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं."

"आन् गाठ लिंबायेवढी असली तर?"

"तरी बी. बाई म्हनाल्या, लिंबायेवढ्या असत्यात कुनाकुनाला."

"दोन्हीकडं असली तर?"

"तरी बी काय न्हाई. पर माझी एकाच बाजूला हाय की वो दाजी."

दाजी शेळीकडं बघत होते. शेळी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती, तेही त्यांना कळत नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. ती सराईत बोटं. तो चिरकलेला आवाज. माझ्यापेक्षा जास्त त्यांचंच रडणं.

"कधी तपासलंत?" मी विचारलं.

दाजी बोलले ते जमिनीकडं बघून बोलले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गाठ लागली. नवेच हॅचरीत लागले होते, कँडलिंग नुकतंच शिकलेले. एकदा खोलीत कुणी नव्हतं तेव्हा दिवा लावून बघितलं. दोन्हीकडं क्लिअर. मग डॉक्टरला काय दाखवायचं, दिसत होतं की डोळ्यांनी. रिकाम्या माणसानं बायकोला कशाला फसवायचं, म्हणून तिच्या जवळ जायचं सोडलं. घरात राहिलं की जीव तुटायचा, म्हणून रात्रपाळी घेतली. सांगायची हिंमत झाली नाही.

"वांझोटी तिला म्हणत हुते लोक," मी म्हणालो. माझ्या तोंडातनं ते कसं बाहेर आलं, माझं मला माहीत. आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

बोलली ती आक्का. ती परड्याच्या दारात उभी होती, हाताला पीठ, किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिचा आवाज चढलेला नव्हता. तसा चढला असता तर बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, मी तुमाला आवडत न्हाई," ती म्हणाली. "सगळी म्हनायची, देवाला पोर मागतीया. अवो, पोर कुटनं मागू? मी नवरा मागत हुते."

दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शेळीकडं बघितलं, दुसरीकडं कुठं बघणार. लोटांगण घालत गेलेली ती, सोललेल्या गुडघ्यांची ती, तिनं सगळ्या गावाचं ऐकून घेतलं आणि खरं काय ते सख्ख्या आईलाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दाजींची अब्रू गेली असती.

आक्का आत गेली. परत आली ती खुंटीवरची बॅटरी घेऊन. दाजींच्या समोर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं.

"ऊठ," ती म्हणाली. "दाव मला."

दाजी उठले. बैलासारखा आडदांड माणूस, मान खाली घालून तिच्या मागं मागं आतल्या खोलीत गेला. दाराला आतून कडी लागली. आधी एक थोबाडीत बसल्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मग आक्काचं रडणं. मग बराच वेळ काहीच नाही. मग आक्काचं हसणं, लग्नाआधी हसायची तसं, जे मी विसरूनही गेलो होतो.

मी पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला. तपासणीला वेळ लागतो हे मान्य, पण बॅटरीचे सेल संपेपर्यंत तिथं थांबण्यात काही अर्थ नव्हता. तव्यावरची भाकरी करपून तिचा कोळसा झाला होता. मी तवा उतरवला, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, शेळीपुढं चारा टाकला आणि बाहेरचं दार ओढून घेऊन निघालो.